मास्कात पाणी: आधी बादली, मग समुद्र

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग (टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणं) करताना डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कात पाणी शिरलं आणि घाबरून वर आलो, असं एकाने लिहिलंय. माझंही तेच झालं होतं भाऊ! आम्हा नागपूरकरांचा पाण्याशी संबंध म्हणजे अंबाझरी तलावाच्या काठावर बसून भुट्टा खाणं.

माझी भीती बादलीत गेली. स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) तोंडात, मास्क नाही, चेहरा पाण्यात. श्वास तोंडाने घ्यायचा, नाकाने सोडायचा. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत ठसका, आठवड्याने दोन मिनिटं आरामात. (घरचे हसले, ते सोडा.) मग तरणतलावात, कंबरभर पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना मास्क मुद्दाम अर्धा भरला. वरची कड कपाळाशी दाबायची, नजर थोडी वर, नाकातून सावकाश हवा सोडायची. हवा वर साचते, पाणी खालच्या कडेतून निघतं. जोरात फुंकलं तर हवाच बाजूने निसटते.

मिशी असेल तर थोडं पाणी झिरपणारच. मी ठेवलीय.

एक मात्र पक्कं: खाली टाकीतली हवा घेतली असेल, तर श्वास रोखून वर यायचं नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे छातीत कोंडलेली हवा वर येताना दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं.