ईपीएस-९५ : निवेदनात किमान पेन्शनवर भर द्यावा की महागाई भत्त्यावर?

मिरजकर : माझे वडील एका सहकारी साखर कारखान्यातून २०१२ साली निवृत्त झाले. ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) योजनेखाली तेव्हा मंजूर झालेले साधारण २,१०० रुपयेच त्यांना आजही दरमहा मिळतात; त्यात एका रुपयाचीही वाढ झालेली नाही. गावातील पेन्शनधारक मिळून खासदारांना निवेदन देणार आहेत. त्यात मुख्य मागणी कोणती असावी? १,००० रुपयांची किमान पेन्शन थोडीशीच वाढली, तर वडिलांसारख्यांच्या पदरात काही पडेल का?

जमाखर्च : किमान रक्कम २,१०० च्या वर गेली तरच पडेल. मुळात या योजनेत महागाई भत्ताच नाही. पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असा हिशेब निवृत्तीच्या वेळी एकदा होतो आणि आकडा तिथेच गोठतो. वडील निवृत्त झाले त्या वेळी पेन्शनसाठी धरायच्या वेतनाची मर्यादा ६,५०० रुपये होती, ती सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. मात्र त्याआधी निवृत्त झालेल्यांना तिचा काहीच उपयोग नाही. म्हणून माझ्या मते महागाईशी जोडणी ही पहिली मागणी असावी. नाहीतर आज मिळालेली वाढ दहा वर्षांनी पुन्हा तुटपुंजीच ठरेल.

एसटीतून निवृत्त : ईपीएस-९५ पेन्शनधारकांच्या आंदोलनाची मागणी दरमहा किमान ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता अशी आहे, तिचे तुकडे करू नयेत. भगतसिंह कोश्यारी (पुढे आपले राज्यपाल झाले तेच) यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती, आणि २०१४ मध्ये हाती आले १,०००. मागतानाच हात आखडता घेतला, तर पदरात काय पडणार?

जमाखर्च : मागणी रास्तच आहे, पण सरकारचे उत्तर काय येईल तेही ओळखून ठेवावे. १५,००० रुपयांच्या मर्यादेत पूर्ण ३५ वर्षे सेवा केली, तरी सूत्राने ७,५०० रुपयेच येतात. म्हणजे आपण किमान म्हणून मागतो ती रक्कम निधीच्या हिशेबात जवळजवळ कमाल ठरते. मालकाच्या हिश्शातून येणारे वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के एवढ्या जमेवर ते भागणार नाही, असे सांगून निवेदन बाजूला ठेवले जाईल. त्यामुळे वाढीव रक्कम अर्थसंकल्पातून द्यावी, असे स्पष्ट लिहा. १,००० रुपयांची किमान पेन्शन देताना कमी पडणारी रक्कम केंद्राने अर्थसंकल्पातूनच भरली आहे, तेव्हा ही प्रथा नवी नाही.

एसटीतून निवृत्त : हे पटले. विधवांचा मुद्दाही घाला. पेन्शनधारक गेल्यावर पत्नीला निम्मीच रक्कम मिळते. २,१०० चे निम्मे म्हणजे १,०५०. घरखर्च मात्र निम्मा होत नाही.

मिरजकर : आईचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. मसुद्यात आता ७,५०० रुपये किमान पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, दोन्हींसाठी अर्थसंकल्पीय तरतूद आणि विधवांना पूर्ण पेन्शन असा क्रम ठेवत आहे. वडिलांचा २०१२ चा मंजुरी आदेश आणि बँकेच्या पासबुकाचे ताजे पान सोबत जोडतो.