मदत हवी आहे : अनुदान देणाऱ्या संस्थांची गटवारी, शुक्रवारच्या आत

शेंडापार्ककर
कॉलेजच्या संशोधन कक्षाचं काम गळ्यात पडलंय. एक्सेलमध्ये एका कॉलमात अनुदान देणाऱ्यांची नावं, शेजारी रक्कम. प्राचार्यांना वर मंत्रालय, त्याखाली विभाग, त्याखाली संस्था अशी बेरीज पाहिजे. पिव्होट टेबल (गटवार बेरीज करणारा तक्ता) केलं की डीएसटी, डी. एस. टी., डीएसटी-फिस्ट आणि 'विज्ञान व तंत्रज्ञान विभाग' अशा एकाच विभागाच्या चार वेगळ्या ओळी येतात. फॉर्म्युला काय घालायचा तेवढं सांगा, बाकी मी बघतो.

गणकबाबा
अहवाल कशाला पाहिजे? नॅकला (मूल्यांकनाला) का एनआयआरएफला (क्रमवारीला)? रक्कम मंजूर झालेली का प्रत्यक्ष मिळालेली?

शेंडापार्ककर
दोन्हीला. रक्कम मिळालेली. काही ओळींत मंजूर झालेलीच लिहिली असावी, आधीच्या सरांनी भरलंय.

गणकबाबा
मग फॉर्म्युला राहू दे सर, आधी ते निस्तरा. नाहीतर चुकीची बेरीज सुबक दिसेल एवढंच.

कोडवाला_राजारामपुरी
एक्सेल सोडा हो. मायएसक्यूएलमध्ये एक टेबल करा, प्रत्येक संस्थेला 'वरची संस्था' म्हणून एक आयडी द्या आणि रिकर्सिव्ह क्वेरी (एकेक पातळी वर चढत जाणारी) चालवा. झाड कितीही खोल गेलं तरी चालतंय.

उसाचा_फड
भावा, त्यांना शुक्रवारी द्यायचंय, पुढच्या दिवाळीत नाही.

कोडवाला_राजारामपुरी
एकदा केलं की दरवर्षीची कटकट मिटते. पण कुणाला पटत नाही.

ताराबाई_रोड
आयडीची कल्पना बरोबर आहे, ती एक्सेलमध्येही होते. दोन शीट करा. पहिलीत प्रत्येक संस्थेची एकच ओळ: कोड, ठरलेलं नाव, विभाग, मंत्रालय, प्रकार. दुसरीत तुमच्या यादीत आलेली सगळी वेडीवाकडी नावं आणि समोर कोड. मग व्हीलूकअपनं नावावरून कोड आणि गट ओढून घ्या. मूळ यादीतली नावं खोडू नका, मंजुरीपत्राशी ताडायला तीच लागतात.

फिस्ट ही संस्था नाही, डीएसटीची योजना आहे. डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभागाची) स्टार कॉलेज तशीच. योजनेला वेगळा कॉलम. आणि सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) डीएसटीखाली टाकू नका, सगळे टाकतात. ती डीएसआयआर या वेगळ्या विभागाखाली, मंत्रालय तेच, विज्ञान व तंत्रज्ञान. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य संशोधन विभागाखाली, आयसीएआर (कृषी संशोधन परिषद) कृषी मंत्रालयाच्या डेअर या विभागाखाली, बायरॅक (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणारी संस्था) डीबीटीखाली.

शेंडापार्ककर
हे भारी. बीआरएनएसचं मंत्रालय कुठलं लिहू? सापडेना.

ताराबाई_रोड
बीआरएनएस म्हणजे अणुविज्ञान संशोधन मंडळ, अणुऊर्जा विभागाचं. तो विभाग थेट पंतप्रधानांकडे, वर वेगळं मंत्रालय नाही. इस्रोच्या रिस्पॉन्ड या संशोधन योजनेचंही तसंच, अंतराळ विभाग. मंत्रालयाच्या कॉलमात विभागाचंच नाव पुन्हा लिहा. रिकामं सोडलं की पिव्होट त्याचा वेगळा गट करतं आणि प्राचार्य विचारतात, हे रिकामं काय?

मिसळीत_पाव
प्रस्ताव लिहिताना आधी संदर्भसाहित्याचा आढावा पक्का करा आणि उपकरणांची तीन कोटेशनं जोडा. माझा प्रस्ताव त्यामुळेच मंजूर झाला.

गणकबाबा
पैसे येऊन गेलेत साहेब. हिशोब चाललाय.

कोडवाला_राजारामपुरी
सर्बचं (डीएसटीच्या संशोधन अनुदान मंडळाचं) काय करणार? सर्ब आता नाही, त्याजागी एएनआरएफ (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) आहे. सगळीकडे नाव बदलून टाका.

ताराबाई_रोड
अजिबात बदलू नका. एएनआरएफचा कायदा 2023 चा, लागू झाला फेब्रुवारी 2024 मध्ये. 2021 च्या मंजुरीपत्रावर सर्बच आहे, पडताळणीला तेच बघतात. दोन्हींना वेगळे कोड द्या, दोन्ही डीएसटीखाली ठेवा. खालच्या पातळीवर वेगळ्या दिसतील, वरची बेरीज एकच येईल. मंत्रालयाचं मात्र उलटं. मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं 2020 मध्ये शिक्षण मंत्रालय झालं, तिथं एकच नाव चालवा, नाहीतर यूजीसीचे पैसे दोन ठिकाणी फुटतील.

कोडवाला_राजारामपुरी
म्हणजे एकीकडे बदला, एकीकडे नको. नियम कुठला?

ताराबाई_रोड
पैसे देणाऱ्याचं नाव पत्रावर असतं तसं. वरचे गट आपल्या सोयीचे.

शेंडापार्ककर
एक राहिलंच. एका सहकारी साखर कारखान्यानं बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) प्रकल्पाला पैसे दिलेत. ते सरकारीत का?

उसाचा_फड
कारखान्यानं? आधी एफआरपी (उसाचा ठरलेला दर) द्या म्हणावं.

गणकबाबा
सहकारी संस्था 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली, सभासदांची. शासनाचं भागभांडवल असलं तरी बिगरसरकारीत.

उसाचा_फड
सभासदांची म्हणे! वार्षिक सभेला येऊन बघा एकदा.

रंकाळ्याचा_वारा
सल्लामसलतीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी आहे, भरलाय का?

शेंडापार्ककर
जीएसटी लेखा विभाग बघतो. आणि काही पैसे विद्यापीठामार्फत आलेत, मूळ आरजीएसटीसीचे (राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचे). ते राज्यात का विद्यापीठात?

ताराबाई_रोड
हे आधी सांगायला हवं होतं. दोन कॉलम करा, 'पैसे कुणी पाठवले' आणि 'मूळ कुणाचे'. गटवारी मूळवरून, म्हणजे राज्य शासन. फक्त तीच रक्कम विद्यापीठाच्या नावानंही कुठं चढली नाही ना, ते बघा.

शेंडापार्ककर
चढलीय. दोनदा.

गणकबाबा
मग शुक्रवार नाही, सोमवार म्हणा प्राचार्यांना.