मदत हवी आहे: मामाच्या जुन्या फेंडर अ‍ॅम्पचा स्पीकर दुरुस्त करावा की बदलावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामाचा फेंडर डीलक्स रिव्हर्ब हा गिटार अ‍ॅम्प सध्या माझ्याकडे पुण्यात आहे. मामा बोटीवर नोकरीला होता. सत्तरच्या दशकात त्याने अमेरिकेत तो जुना विकत घेतला आणि पुढे मुंबईतल्या ऑर्केस्ट्रांत त्यावरच वाजवला. मामा गेल्यावर अ‍ॅम्प वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर पडून राहिला. कोकणातली ओल आणि कसर, दोघांनी मिळून त्याची काय दशा केली असेल ते सांगायला नको.

आतल्या सर्किटची काळजी मिटली आहे. व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका ओळखीत आहेत. त्यांनी तो थेट प्लगला न लावता आधी सीरिज बल्बवर (जास्त प्रवाह जाऊ नये म्हणून मध्ये बल्ब जोडून) चालवून पाहिला, वाळलेले फिल्टर कपॅसिटर बदलले आणि मगच पूर्ण व्होल्टेज दिलं. अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असल्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे. मित्राचा ८ ओहमचा दुसरा कॅबिनेट जोडून वाजवलं तर आवाज इतका स्वच्छ, गोड येतो की हात थांबत नाही. म्हणजे दुखणं आहे ते मूळ १२ इंची स्पीकरचं.

त्याचा कागदी कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, कडेपासून आत साधारण दोन बोटं फाटला आहे, आणि एके ठिकाणी कसरीने खाऊन कागद पातळ झालाय. खालची जाड तार छेडली की भर्रर्र असा आवाज येतो. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच आत दाबला तर एका बाजूला काहीतरी घासल्यासारखं ऐकू येतं. मल्टिमीटरवर मात्र ६.४ ओहम दाखवतोय, म्हणजे कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जिवंत आहे असं मी समजते. स्पीकरच्या पत्र्याच्या कडेवर ४६५ ६३७ असे आकडे उठवलेले आहेत. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर इंग्रजी पी आणि जे ही अक्षरं रबरी शिक्क्याने मारली आहेत.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानात दाखवला. त्यांचं म्हणणं, कोन, कॉइल, स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी चकती) सगळं काढून नवीन बसवून देतो, वर ३०० वॉटचा करून देतो. मला ३०० वॉट नको आहेत. अ‍ॅम्पच २२ वॉटचा आहे, आणि मला मामाच्या गिटारचा तो आवाज हवा आहे. तिथून स्पीकर तसाच परत आणला.

मूळ कोन वाचवता येईल का? येत असेल तर फाटलेला भाग कशाने जोडावा? नाहीच जमलं तर ८ ओहमचा कोणता स्पीकर घ्यावा, म्हणजे आवाज फार बदलणार नाही? जाणकारांनी कृपया सांगावं. घाई अजिबात नाही, पण काही चुकीचं करून बसायचं नाही.

प्रतिसाद, पुणे

ताई, दुकानातून परत आणलात ते फार बरं केलंत. ६.४ म्हणजे कॉइल ठीक आहे. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ च्या दरम्यानच दिसतो, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो.

फाटण्याचं नंतर बघू, आधी घासण्याचं कारण शोधा. स्पीकर ज्या पाटीवर बसवलाय तिचे बोल्ट थोडे थोडे सैल करा आणि कोन पुन्हा दाबून बघा. त्या काळच्या फेंडरची पाटी दाबलेल्या भुशाची असते. ओल लागली की ती फुगते, वाकते. तिच्यावर बोल्ट कचकचून आवळलेले असले की स्पीकरचा पत्र्याचा सांगाडा किंचित पिळवटतो आणि कॉइल चुंबकाच्या फटीत एका बाजूला टेकते. ती फट एक-दोन मिलिमीटरची, त्यामुळे सांगाडा केसभर वाकला तरी पुरतं. सैल केल्यावर घासणं थांबलं तर स्पीकर निर्दोष आहे असं समजा.

तरीही घासत असेल तर स्पीकर अर्धा फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून बसवा. वर्षानुवर्षं उभा राहिलेला कोन स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. फिरवला की पुष्कळदा जागेवर येतो.

फाटलेल्या भागासाठी पातळ टिश्यू कागद आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल. मागून एक पट्टी, वाळल्यावर पुढून एक. कागद कापू नका, हाताने फाडा, म्हणजे कडा विरळ राहून चिकटतात आणि जोड जड होत नाही. कडेच्या वळ्यांवर मात्र फेव्हिकॉल नको, तिथे वाळल्यावरही लवचीक राहणारा रबरी गोंद हवा, कारण कोन तिथेच हलतो. फेव्हिक्विक कुठेच लावू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि शेजारचा कागद नव्याने फाटतो.

आणि स्पीकर बाहेर काढलेला असताना अ‍ॅम्प चालू करू नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो तसाच मिळणं स्पीकरपेक्षा कठीण.

प्रतिसाद, न्यू जर्सी

धागा वाचून राहवलं नाही. तुमच्या आकड्यांचा अर्थ सांगतो. ४६५ हा शिकागोच्या ऑक्सफर्ड कंपनीचा क्रमांक. जेन्सनचा असता तर २२० दिसला असता. पुढचा ६ हा वर्षाचा शेवटचा अंक आणि ३७ हा आठवडा. डीलक्स रिव्हर्ब १९६३ मध्ये आला, म्हणजे १९५६ शक्य नाही. तक्त्यावरचं पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५१ धरून मोजत जा, पी १९६६ वर येतं. दुसरं अक्षर महिन्याचं, जे म्हणजे ऑक्टोबर. सप्टेंबरच्या मध्यावर बनलेला स्पीकर ऑक्टोबरमध्ये जुळलेल्या अ‍ॅम्पमध्ये. याचा अर्थ हा अ‍ॅम्प कारखान्यातून ज्या स्पीकरसकट बाहेर पडला तोच अजून त्यात आहे. काहीही करा, पण हा स्पीकर टाकू नका आणि कोणाला कोन काढू देऊ नका.

नवीन घ्यायचाच झाला तर: जेन्सन हे नाव आता इटलीतली सिका कंपनी वापरते. त्यांच्या मालिकेत नावाचं पहिलं अक्षर सी असेल तर चुंबक सिरॅमिक, पी असेल तर अल्निको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा. तुमचा ऑक्सफर्ड सिरॅमिक आहे, म्हणून सी १२ एन जवळचा वाटेल. इंडियानातल्या कोकोमो गावचे वेबर आणि केंटकीतले एमिनन्स हेही जुन्या अमेरिकन धाटणीचे स्पीकर बनवतात. सेलेस्टियन हा इंग्लिश आवाज. उत्तम आहे, पण मामांचा नाही.

वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बघा. ९७ डेसिबलच्या जागी १०० चा स्पीकर लावला तर ३ डेसिबल वाढतात, म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखंच. घरात वाजवणार असाल तर ते नकोसं होईल. मागचा चुंबक किती खोल आहे तेही मोजा. वर उलट्या टांगलेल्या व्हॉल्व्हना तो लागता कामा नये.

प्रतिसाद, मुंबई

माझं मत थोडं वेगळं आहे. मूळ कोन जपावा हे खरं, पण रीकोनिंगला, म्हणजे जुना कोन काढून नवा बसवण्याला, सरसकट नावं ठेवू नयेत. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात मी अप्रतिम काम करणारे कारागीर पाहिले आहेत. फट चिकटपट्टीने साफ करून, कॉइलभोवती पातळ पट्ट्या घालून ती मधोमध बसवणारे. अडचण हाताची नाही, मालाची आहे. आपल्याकडे मिळणारे कोन गणपतीच्या आणि लग्नाच्या साउंडसाठीचे, जाड आणि जड. गिटारचा कोन पातळ असतो, तो स्वतः थरथरतो आणि त्यातूनच वरचे सूर निघतात. जड कोन बसवला की स्पीकर दणकट होतो आणि आवाज मुका होतो. पुढे कधी कॉइल गेलीच तर त्याच मापाचा पातळ कोन परदेशातून मागवा आणि काम इथे करून घ्या. तोवर हात लावू नका.

एक सूचना इतर वाचकांसाठी. अल्निको चुंबकाचा स्पीकर असेल तर चुंबक सांगाड्यापासून सुटा करू देऊ नका. सुटा केला की त्याची ताकद घटते आणि पुन्हा चुंबकीय करून घ्यावा लागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. १९६६ वाचून आईला लगेच फोन केला. मामाला हे कळलं असतं तर त्याने चार जणांना बोलावून सांगितलं असतं, असं ती म्हणाली.

पुण्याच्या दादांनी सांगितलं तसं बोल्ट सैल केले. खालच्या बाजूचा एक फारच आवळलेला होता आणि पाटी तिथेच फुगली आहे. तो सैल करताच घासणं जवळपास थांबलं. मग स्पीकर अर्धा फिरवून बसवला, आता कोन दाबला तर काहीच ऐकू येत नाही. फाटलेला भाग दोन्ही बाजूंनी टिश्यू लावून जोडला, कसरीने खाल्लेल्या जागीही एक पातळ थर दिला. कडेच्या वळ्यांपर्यंत चीर थोडीशीच गेली होती, तिथे रबरी गोंद.

आवाज तीनच्या आकड्यापर्यंत ठेवला तर भर्रर्र पूर्ण गेलंय. साडेचारच्या पुढे मात्र खालच्या तारेवर अजून बारीक खरखर येते. ती जोडाची आहे की डस्ट कॅपची, म्हणजे कोनाच्या मधोमध चिकटवलेल्या टोपीची, ते कळत नाही. बोट डस्ट कॅपच्या कडेला अलगद टेकवलं की खरखर कमी होते, म्हणजे तिचा गोंद सुटला असावा असा माझा कयास. तिथे कोणता गोंद चालेल? खाली कॉइल आहे, त्यामुळे थेंब आत उतरण्याची भीती वाटते.

घरी हाच स्पीकर राहील. मोठ्या आवाजात, कार्यक्रमात वाजवण्यासाठी ८ ओहमचा सी १२ एन मागवायचं ठरवलं आहे. न्यू जर्सीच्या दादांना एक विचारायचं होतं: पाटी बदलायची झाली तर प्लायवुडची केली तर चालेल, की त्यानेही आवाज बदलेल?

प्रतिसाद, पुणे

डस्ट कॅपला तोच फेव्हिकॉल, पण अजिबात पातळ न करता. टाचणीच्या टोकाने कडेवरून फिरवा आणि स्पीकर रात्रभर पालथा ठेवा, म्हणजे गोंद कॉइलकडे उतरणार नाही. सकाळी लगेच वाजवू नका, पूर्ण वाळू द्या.