शनिवारचा एआय वर्ग (कृपया विषयाला धरून बोलावे)

ओवीची आई, बी-३०४: नमस्कार. कोणाला दुखवायचं नाही, पण आता राहवत नाही. निनादच्या शनिवारच्या वर्गातून ओवी आली ती "आई, मी गाणं केलं" म्हणत. गिटार, ड्रम, कोरस, सगळं होतं. चाल कशी सुचली विचारलं, तर म्हणे दोन ओळी टाइप केल्या. तेव्हापासून तिच्या वाजवायच्या कीबोर्डवरचं कापड निघालेलं नाही. याला शिकवणं म्हणायचं?

जोशीकाका, ए-१०२: या ॲपना वयाची अट असते. ती कोणी वाचली आहे का?

निनाद, डी-४०१: काकू, तिची वही बघा. आधी स्वतः गुणगुणून रेकॉर्ड करायचं, मगच ते मशीनला द्यायचं, आणि मशीनने काय बदललं ते वहीत लिहायचं, असा नियम आहे. ओवीने लिहिलंय की चालीत ती मध्ये थांबत होती तिथे मशीनने ड्रम भरले, आणि 'आभाळ'चं 'आभाल' केलं. खाली लाल पेनने "नको" लिहिलंय.

ओवीची आई: वही मला दाखवली नाही तिने.

सी-२०३ काकू: आमच्याकडे वही नाही, फक्त चार्जर मागायला येतात 😄

अध्यक्ष: क्लबरूमचा पंखा रात्रभर चालू होता. मागच्या वेळीही हेच झालं होतं. कोणाचं नाव घेत नाही.

निनाद: घेतलंत तरी चालेल, साहेब. आम्ही सातला कुलूप लावून निघालो. त्यानंतर कमिटीची मीटिंग होती.

देशमुख सर, ए-३०१: पंखा राहू द्या. या यंत्रांनी जगभरच्या चित्रकारांची चित्रं न विचारता गिळली आहेत. गाण्यांचंही तेच. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआयने गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे ठोकले, ते उगाच नव्हे. हे मुलांना सांगितलंत का?

निनाद: पहिल्याच दिवशी सांगितलं, सर. जिवंत चित्रकाराचं नाव घालून "त्याच्यासारखं काढ" म्हणायला वर्गात बंदी आहे. चित्राच्या दिवशी तर सुरुवातच चूक शोधण्यापासून केली. गिटार वाजवणारी मुलगी काढायला सांगितली. चित्र झकास आलं, पण तारा सहा आणि वरच्या खुंट्या पाच. डाव्या हाताचा अंगठा कुठून निघालाय तेच कळेना. बाकीची "वा वा" करत होती, दोघींनी लगेच पकडलं.

देशमुख सर: कोण दोघी?

निनाद: तुमच्याकडे रेखाटन शिकायला येतात त्याच.

देशमुख सर: बरं.

जोशीकाका: वयाची अट. पुन्हा विचारतो.

निनाद: काका, चॅटजीपीटीला १३ वर्षं पूर्ण लागतात आणि १८ च्या आतल्यांना पालकांची परवानगी. बाकीच्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. म्हणून मुलांची खातीच उघडलेली नाहीत. सगळं माझ्या लॅपटॉपवर, माझ्यासमोर चालतं.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, माफ करा. मुलांच्या ग्रुपवर माझ्या आवाजात "गाडी रेषेत लावा हो" असं गाणं फिरतंय. हे कोणी केलं?

सी-२०३ काकू: 😂😂 साहेब, मूळ आवाजापेक्षा सुरात आहे.

बी-१०१: अर्थ मात्र बरोबर आहे. रेषेत न लावणारे ग्रुपवर हजर आहेत.

ए-२०४: टोमणा कळला. गाडी कालच हलवली आहे.

सेक्रेटरी: हसण्यावारी नेऊ नका. उद्या याच आवाजात कोणी मेंटेनन्स दुसऱ्या खात्यात भरायला सांगितलं तर?

निनाद: साहेबांचं बरोबर आहे. हे वर्गात झालेलं नाही, पण विषय वर्गाचाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्येच तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उभा करून दाखवला होता. साहेबांच्या व्हॉइस नोट तर या ग्रुपवर चार-चार मिनिटांच्या आहेत. शनिवारी आधी हेच घेतो. ज्याचा आवाज, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

ओवीचे बाबा: एक शंका. हे गाणं स्पर्धेला पाठवलं तर ते ओवीचं धरतील का?

बी-१०१: आयोजकांना विचारा आणि एआय वापरलंय हे लिहूनच पाठवा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, मिडजर्नी या एआयने काढलेल्या चित्रांना मात्र संरक्षण नाकारलं. इथे तसंच होईल असं नाही.

जोशीकाका: वयाची अट असते. कोणी वाचली आहे का?

सी-२०३ काकू: काका, वर स्क्रोल करा. हात जोडते 🙏

ओवीची आई: निनाद, वही वाचली. ठीक आहे. पण आयतं गाणं मिळत असेल तर ती कीबोर्डला हात का लावेल, याचं उत्तर अजून मिळालं नाही.

निनाद: या वेळी आयतं गाणं नाही, काकू. गूगलने २०१९ मध्ये जुना जर्मन संगीतकार बाख याच्यावर एक डूडल, म्हणजे गूगलच्या पहिल्या पानावरचा खेळ, केलं होतं. त्यामागचं मॉडेल त्याच्या ३०६ कोरालांवर, म्हणजे चार आवाजांत बांधलेल्या भजनांवर, शिकलेलं आहे. वरची चाल आपण लिहायची, खालचे तीन आवाज ते भरतं. ओवीने त्यातला सगळ्यात खालचा आवाज कीबोर्डवर बसवून आणायचा आणि एक तरी सूर स्वतःच्या मताने बदलायचा. का बदलला ते वाजवून दाखवायचं. आणि बाख १७५० मध्ये गेला, त्यामुळे न विचारता गिळल्याचा सरांचा आक्षेपही इथे लागू नाही.

देशमुख सर: शनिवारी मी येतो. पहिला अर्धा तास लॅपटॉप बंद. प्रत्येकाने पेन्सिल आणावी, खोडरबर आणू नये.

निनाद: चालेल सर. पण नंतरचा अर्धा तास तुम्हीही लॅपटॉपसमोर बसायचं.

देशमुख सर: बघू.

अध्यक्ष: क्लबरूमसाठी लेखी अर्ज लागेल. तोंडी चालणार नाही.

डी-२०२: सेक्रेटरी साहेब, गाणं आमच्या चिरंजीवांनी केलं होतं. माफी मागायला संध्याकाळी पाठवते. ग्रुपवरून काढायला लावलंय, पण सी विंगमध्ये दोघांनी रिंगटोन करून ठेवलंय म्हणे.