सिंगापूरच्या कॅसिनोत जिंकलेल्या रकमेबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही खानापूरचे; चोर्ला घाटातून पणजीला कितीदा गेलो, पण मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी काठावरूनच पाहिल्या. माझ्या मेहुण्याने मात्र सिंगापुरात, परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून फुकट प्रवेश मिळतो (तिथल्या नागरिकांना 150 डॉलर मोजावे लागतात) म्हणून आत जाऊन, आधी 2,000 सिंगापूर डॉलर घालवले आणि नंतर 5,000 जिंकून रोख घरी आणले. नोटा 5,000 अमेरिकी डॉलरहून कमी असल्याने विमानतळावर त्या जाहीर केल्या नाहीत. अशा कमाईवर आपल्याकडे 30 टक्के कर लागतो आणि हरलेली रक्कम वजा होत नाही, हे ठाऊक आहे. तरी विवरणपत्रात ही रक्कम नेमकी कुठे दाखवावी आणि बेळगावात नोटा बदलताना कॅसिनोची पावती मागतात का, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.