बंद गिरणीत आत जाऊन फोटो काढायचेत, कोणी गेलंय का? (लालबाग-परळ)

साचेवाल्याचा_नातू:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात (साचा म्हणजे कापड विणायचा माग) होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते कायमचे. गिरणी अजून उभी आहे पण बंद, गेटवर वॉचमन असतो. मागच्या गल्लीत भिंत पडलीय तिथून आत जाता येतं असं एक मित्र म्हणतो. आम्ही चौघं आहोत, तीन मुलं आणि एक मुलगी, रात्री दहानंतर जायचा विचार आहे कारण दिवसा गल्लीत वर्दळ असते. आजोबा गेले २०१६ ला. त्यांनी जिथे २४ वर्षं उभं राहून काम केलं ती जागा मला एकदा बघायचीय, बाकी काही नको. फोटो काढून ठेवायचेत, उद्या टॉवर झाला की काय दाखवणार पोरांना. लिस्टवर काळा घोड्याचं एस्प्लेनेड मॅन्शन पण आहे. काय काळजी घ्यावी, कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

जुनी_वाट:
मित्रा मी गेलोय, म्हणूनच लिहितोय. सात-आठ वर्षांपूर्वी असाच रात्री, भिंत चढून, पावसाळा नुकताच संपला होता. पहिल्या मजल्यावर लाकडी फळ्या होत्या, वर धूळ आणि कबुतरांच्या विष्ठेचा थर, त्यामुळे खालचं लाकूड कुजलंय हे कळायला मार्गच नाही. माझ्या मित्राचा पाय मांडीपर्यंत आत गेला, घोटा मोडला. बाहेर काढायला आम्हाला शेवटी वॉचमनलाच हाक मारावी लागली. त्या माणसाने स्वतःच्या टॉवेलने पाय बांधला, खांद्यावर घेऊन गेटपर्यंत आणलं. चार दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो तर दुसराच माणूस बसलेला, आधीच्यांना काढून टाकलं होतं "तुझ्या ड्युटीत पोरं घुसलीच कशी" म्हणून. कंत्राटी नोकरी, बारा तासांची पाळी, घर चालत होतं त्यावर. मी खूप शोधलं, सापडले नाहीत. घोटा दोन महिन्यांत बरा झाला पण हे मनातून जात नाही. तुम्ही भिंतीवरून गेलात तर पकडले तुम्ही जाल असं समजू नका.

आणि रात्री तर अजिबातच नको. जुन्या गिरण्यांच्या आवारात इंजिनाचं पाणी थंड करायला हौद आणि तलाव असायचे, आता त्यावर इतकं रान माजलंय की जमीन वाटते.

वकिलीण_परळ:
कायद्याचं सांगते. आधी आयपीसी ४४७-४४८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९. फौजदारीपात्र अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि माल ठेवलेल्या इमारतीत शिरलात तर ते गृह-अतिक्रमण, तिथे एक वर्षापर्यंत. गुन्ह्याचा किंवा त्रास द्यायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं, पण ते कोर्टात, त्याआधीची रात्र पोलीस चौकीत जाते आणि बंद गिरण्यांतून भंगार चोरीला जातं त्यामुळे पहिला संशय तोच येतो. रेल्वेच्या हद्दीतून आत जायचं डोक्यात असेल तर ते वेगळं, रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद.

तुमच्यात मुलगी आहे म्हणून हेही लिहिते. २०१३ ला शक्ती मिलच्या बंद आवारात एक फोटोजर्नलिस्ट मुलगी कामासाठीच गेली होती, संध्याकाळी, सोबत सहकारी होता. तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. दोष तिचा काडीचा नव्हता. पण आवाज बाहेर जात नाही अशा ठिकाणी रात्री कोणीच जाऊ नये, मुलांनीही.

फोटोवाला_गिरगाव:
एस्प्लेनेड मॅन्शनचं विसर. २००५ ला बाल्कन्यांचा भाग कोसळला होता, २०१९ ला पूर्ण रिकामं केलं, इमारत धोकादायक आहे. त्याचं खरं वैशिष्ट्य बाहेरूनच दिसतं, ते म्हणजे ओतीव लोखंडाचा सांगाडा जो इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. तेव्हाचं वॉटसन हॉटेल ते, ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट इथेच दाखवले होते. समोरच्या फुटपाथवरून सकाळी मस्त फोटो येतात.
बंद जागेत शिरायची हौसच असेल तर राजभवनातलं ब्रिटिशकालीन बंकर बघ, २०१६ ला सापडलं, १३ खोल्या आहेत, आता म्युझियम केलंय, रीतसर बुकिंग करून जायचं.

गिरणगाव_काकू:
बाळा, माझे वडील त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते म्हणून तुझं पत्र दोनदा वाचलं. बऱ्याच बंद गिरण्या केंद्राच्या एनटीसीकडे (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ) आहेत, तुझी त्यातली आहे का आधी बघ. लेखी अर्ज कर, त्यात आजोबांचं नाव, खातं, तिकीट नंबर (गिरणीतला कामगार नंबर) घाल, आणि दिवसा त्यांच्या माणसासोबत अर्धा तास मागतोय असं स्पष्ट लिही. एकदा नाही म्हणाले तर परत कर. एखादे निवृत्त कामगार सोबत ने, तुमच्या चाळीत विचार, अजून आहेत सत्तरी-पंचाहत्तरीतले. त्यांच्याशिवाय तुला नुसती रिकामी शेड दिसेल.

आत गेलास तर साचाखातं असं ओळख. ते बहुतेक तळमजल्यालाच असतं, कारण साच्यांच्या हादऱ्याने वरचे मजले टिकत नाहीत. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट कापडावर न पडता दिवसभर सारखा उजेड. ओतीव खांबांवर वरच्या बाजूला लोखंडी कान दिसतील, पूर्वी एकाच इंजिनावर सगळं चालायचं तेव्हा फिरता दांडा त्यावरून जायचा आणि पट्ट्याने खाली साचे फिरायचे. आणि खांबाला खांद्याच्या उंचीवर हात लावून बघ. माझ्या वडिलांच्या खात्यात तिथे रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं, माणसं टेकून टेकून.

साचेवाल्याचा_नातू:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. भिंतीवरून जायचं कॅन्सल, ग्रुपवर सांगितलं, एकजण नाराज झाला पण वॉचमनचं वाचून गप्प बसला. काकू, रात्री बाबांना विचारलं तर त्यांनी कपाटातून पत्र्याची डबी काढली, आजोबांचा पास आहे त्यात, तिकीट नंबर वाचता येतोय. आमच्या मजल्यावर एक आजोबा आहेत तेही साचेवालेच, यायला तयार आहेत पण गुडघे दुखतात त्यामुळे जिने नकोत म्हणाले. तळमजलाच आहे म्हटल्यावर लगेच विचारलं, कधी जायचं? अर्ज मराठीत केला तर चालेल ना?

गिरणगाव_काकू:
चालेल. सोबत इंग्रजी प्रत जोड आणि पोच घे. पासची झेरॉक्सच दे, मूळ पास कोणाच्या हातात देऊ नकोस.