सीडी लायब्ररी ते स्ट्रीमिंग : घरी सिनेमा बघण्याचे तुमचे अनुभव (सातारा-सांगली)

शाहुपुरीकर (सातारा)

मंडळी, हा धागा मुद्दाम आपल्या भागापुरता काढतोय. अमेरिकेत नेटफ्लिक्सनं टपालानं डीव्हीडी पाठवण्याची सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. १९९८ पासून ती चालू होती, म्हणून जगभर त्यावर भरभरून लिहून आलं. आपल्याकडच्या सीडी लायब्रऱ्या मात्र कधी गेल्या, कशा गेल्या, याच्या चार ओळीही कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. मला ते खुपतं. मुंबईत शेमारूची सुरुवात १९६२ साली पुस्तकं फिरवणारी लायब्ररी म्हणून झाली आणि १९७९ मध्ये त्यांनी व्हिडिओ भाड्यानं द्यायला घेतले, हे नोंदलेलं आहे. पण राजपथावरच्या बोळातल्या दुकानाची नोंद आपण नाही करायची तर कुणी करायची?

ते दुकान म्हणजे एक शटर, आत एक काउंटर आणि त्यावर फोटोचे असतात तसे जाडजूड अल्बम. अल्बमच्या प्रत्येक खणात सिनेमाचं कव्हर आणि कोपऱ्यात पेनानं टाकलेला नंबर. खरी सीडी मागच्या रॅकवर पांढऱ्या कागदी पाकिटात. आपण नंबर सांगायचा, मालक पाकीट काढून सीडी उजेडात तिरकी धरून बघणार, वहीत नाव लिहिणार. माझ्या आईला रडारड आवडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसलं काही मी उचललं तर म्हणायचे, "हे तुम्ही बघा, वहिनींना दुसरं देतो." आणि खालून एखाद्या नाटकाची सीडी काढायचे. आमच्या घरात मराठी नाटकं आली ती त्या काउंटरखालून.

तर लिहा. तुमच्याकडे डिस्क कुठून यायच्या, आता काय बघता, कशावर बघता, जमतं का. जुन्यात सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाही, त्यामुळं स्ट्रीमिंगच्या बाजूनं असाल तर तेही मोकळेपणानं लिहा.

गावभाग (सांगली)

आमच्याकडे सुरुवात व्हीसीआरपासून. गल्लीत वर्गणी काढायची, टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्यानं आणायच्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत बघत बसायचं. व्हीसीडी, म्हणजे सिनेमाची सीडी, आली तशी ही गंमत घराघरांत वाटली गेली. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ मिनिटं मावायची. त्यामुळं हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन सीडींत, आणि तिसरी सीडी हटकून अडकायची, कारण शेवट सगळ्यांनी पुन्हा पुन्हा लावून बघितलेला असायचा.

मला लिहायचंय ते २०१९ च्या पुराबद्दल. ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचा तळमजला छतापर्यंत बुडाला. धान्य, कागदपत्रं, सिलिंडर वर नेले होते. वडिलांनी लायब्ररी बंद होताना विकत घेतलेली सीडींची दोन खोकी खालीच राहिली.

पाणी ओसरल्यावर खोकी उघडली तर कव्हरांचा लगदा झालेला आणि प्रत्येक सीडीवर बोटभर काळा गाळ. शेजारी म्हणाले टाकून द्या. वडिलांनी टाकू दिल्या नाहीत. अंगणात तीन बादल्या मांडल्या. पहिलीत गाळ सोडवायचा, दुसरीत साबणाचा अगदी हलका हात, तिसरीत स्वच्छ पाणी. चोळायचं नाही, आणि पुसायचं ते मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडं सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं जातो आणि प्लेअरला तो सावरता येत नाही. मग दोरीवर जुन्या धोतराचं फडकं टाकून त्याच्या सावलीत वाळवायच्या.

यातून एक गोष्ट कळली. डीव्हीडी जास्त वाचल्या, व्हीसीडी कमी. सीडीचा चमकणारा थर अगदी वरच्या, चित्र छापलेल्या बाजूला असतो, त्यावर नुसता लाखेचा पातळ लेप. पाण्यात राहून तो लेप सुटला की चकाकी पापुद्र्यासारखी निघते आणि सीडी काचेसारखी आरपार दिसायला लागते. डीव्हीडीत तोच थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो. म्हणून आपण सगळे खालची बाजू जपत आलो, पण सीडीची वरची बाजू जास्त नाजूक. अजून कुणाकडे असतील तर त्यावर बॉलपेननं नाव लिहू नका.

वाचलेल्यांत नाटकं बरीच आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात नाटकांच्या सीडी पुरातून काढताना वडिलांचा जीव कसा होत असेल ते सांगलीकरांना सांगायला नको.

माणदेशी (आटपाडी)

माझं मत वरच्या दोघांपेक्षा निराळं हाय. तुमच्याकडं लायब्ररी गल्लीत होती, आमच्याकडं विट्याला. म्हंजे एस्टीनं जायचं, सीडी आणायची, दुसऱ्या दिवशी परत करायची, न्हाईतर दुसऱ्या दिवसाचं भाडं. आणि आणल्यावर लाईट पायजे ना. लोडशेडिंगच्या काळात आमच्या वाडीवर लाईट रातचीच यायची, ती पण मोटारी चालवायला. म्हातारी माणसं रानात पाण्यावर, आन पोरं घरात टीव्हीपुढं. निम्मा पिक्चर झाला की लाईट गेली, ती सीडी तशीच परत. कितीतरी पिक्चरांचा शेवट मी नंतर मोबाईलवर बघितलाय.

दुसरं सांगतो, ते या भागातल्या लोकांनाच समजंल. आमची निम्मी भावकी गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला कुणी केरळात, कुणी तामिळनाडूत, कुणी पार वर बंगालात. पूर्वी चुलतभाऊ जत्रंला आला की जाताना पिशवीत मराठी सीडी भरून न्यायचा, कारण तिकडं मराठी काय मिळणार? त्याची पोरं त्याच त्या सीडी वर्षभर लावायची. आता मराठी पिक्चर स्ट्रीमिंगवर आला की त्या दिवशी तो तिकडं बघतो, मी हितं बघतो आणि रात्री फोनवर त्याच्यावरच बोलणं. त्याची धाकटी मराठी बोलती ती त्यामुळं. मला तर ह्याचं लई मोल वाटतं.

अडचणी हायतच. रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज. चांगल्या एचडीत तासाला तीन जीबीच्या आसपास जातो, मग पिक्चर अर्ध्यात असताना डेटा संपतो. मी क्वालिटी खाली आणून बघतो. रेंज गच्चीवर बरी येती, तर गच्चीवर डाउनलोडला लावायचं आणि खाली येऊन सावकाश बघायचं.

मिरजेची (मिरज)

माणदेशी दादा, पटलं. मी दवाखान्यात नोकरी करते, ड्युटी कधी रात्रीची कधी दुपारची. लायब्ररी रात्री नऊला बंद व्हायची आणि माझी सुट्टी त्यानंतर. मला वेळेवर सीडी परत करणं कधी जमलंच नाही, त्यामुळं मी फारशी आणलीही नाही. आता पहाटे घरी येऊन झोप लागत नसेल तर अर्धा तास बघते, उरलेलं चार दिवसांनी, आणि ते तिथूनच सुरू होतं.

सासूबाईंना मात्र ऐकू कमी येतं. खाली अक्षरं असली की त्यांना सिनेमा कळतो. पण मराठी सिनेमाला मराठी अक्षरं फार थोड्या ठिकाणी असतात, बहुतेक ठिकाणी इंग्रजीच. डीव्हीडीतही इंग्रजीच असायची. मराठी माणसाला, मराठी सिनेमासाठी, मराठी अक्षरं मिळू नयेत याचा मला खरोखर राग येतो. कुणाला मराठी अक्षरं असलेले सिनेमे माहीत असतील तर नावं द्या, मी यादी करतेय.

कृष्णामाई (कराड)

मी लायब्ररी चालवायचो. शाहुपुरीकरांनी वर्णन केलेलं दुकान माझं नव्हे, पण अगदी तसंच होतं. तेच अल्बम, तीच वही.

आधी एक समजूत दुरुस्त करतो. आमचा धंदा स्ट्रीमिंगनं गेला असं सगळे धरून चालतात. हॉटस्टार आलं २०१५ ला, नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ ला, जिओ त्याच वर्षी सप्टेंबरात, प्राइम व्हिडिओ डिसेंबरात. तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शटर ओढलेलं होतं. पहिला दणका बसला २००७ च्या सुमारास, मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा. त्याआधी अस्सल सीडीची किंमत ऐकूनच माणूस भाड्याकडं वळायचा. आता एवढ्या पैशात ती कायमची घरी यायला लागली, मग भाडं आणि डिपॉझिट कोण देणार? ग्राहकाचं भलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरा दणका मेमरी कार्डाचा. मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून पिक्चर मिळायला लागले. स्टँडजवळ दर दोन दुकानांआड 'पिक्चर-गाणी भरून मिळतील' अशी पाटी. आम्ही विकत घेतलेल्या डिस्कचे पैसे निघेपर्यंत तो सिनेमा अख्ख्या कॉलेजच्या खिशात असायचा. त्याआधी एका डिस्कवर पाच-पाच सिनेमे कोंबलेल्या नकली डीव्हीडी फुटपाथवर होत्याच, पण त्या निदान अडकायच्या, दिसायच्या वाईट, म्हणून चोखंदळ माणूस आमच्याकडं यायचा. कार्डापुढं काही चालेना.

कायद्याचंही सांगतो, कारण बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. सिनेमाची प्रत भाड्यानं देण्याचा हक्क कॉपीराइट कायद्यानं हक्कमालकाचा आहे. दुकानातून सीडी विकत घेतली म्हणून ती भाड्यानं देता येत नाही. बऱ्याच कव्हरांवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असायचं, आणि भाड्यासाठीच्या प्रती वेगळ्या घ्याव्या लागायच्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मात्र ना-नफा ग्रंथालयं आणि ना-नफा शिक्षणसंस्था यांनी रीतसर घेतलेली प्रत वाचकांना वापरायला दिली तर ते व्यापारी भाडं धरलं जात नाही. ही तरतूद आपल्या गावोगावच्या वाचनालयांनी कधी मनावर घेतली नाही. पुस्तकांच्या कपाटाशेजारी नाटक-सिनेमाच्या डिस्कचं एक कपाट सहज राहिलं असतं. अजूनही राहू शकतं.

माणसांबद्दल लिहायचं तर, दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांच्या सीडी, गणपतीत नाटकं आणि भक्तिपट, लग्नसराईत काहीच नाही. कॉलेजचा मुलगा एकटा आला तर एक निवडायचा, बहिणीबरोबर आला तर दुसरं. आणि दर गुरुवारी एक निवृत्त शिक्षक यायचे, जुने कृष्णधवल मराठी सिनेमे संपवत आणले होते त्यांनी. त्यांच्यासाठी मी पुण्याहून डिस्क मागवायचो. त्यात मला फायदा नव्हता, पण ते परत करायला आले की अर्धा तास त्या सिनेमावर बोलायचे, आणि त्यांच्यामुळं मला माझ्याच रॅकवर काय आहे ते कळलं.

विश्रामबाग (सांगली)

तांत्रिक बाजू थोडक्यात, कारण 'स्ट्रीमिंगचं चित्र डिस्कपेक्षा चांगलं' हे सरसकट खरं नाही. व्हीसीडीपेक्षा ते चांगलंच. तिचं चित्र ३५२ बाय २८८, आजच्या मोठ्या टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात. डीव्हीडीपेक्षाही बहुतेक वेळा चांगलं. पण ब्लू-रेमध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कमध्ये, चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते आणि फोरके ब्लू-रेत त्याहून कितीतरी जास्त. स्ट्रीमिंगवाले फोरकेसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं म्हणतात, यावरूनच अंदाज येईल. अंधारातला प्रसंग, धुकं, पाऊस असलं काही आलं की फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या भागात ब्लू-रे भाड्यानं देणारं कुणी मला कधी सापडलं नाही. आणलेल्या सगळ्या विकत आणि मागवून.

आणखी एक. फोनवर चित्र कायम अंधूक दिसत असेल तर दोष नेटचाच असेल असं नाही. काही फोनना स्ट्रीमिंग कंपन्या वापरतात त्या सुरक्षाप्रणालीची वरची पायरी, वाइडवाइन एल-वन, मिळालेली नसते आणि मग कितीही वेगवान नेट असलं तरी एचडी येत नाही. फोन घेण्याआधी तेवढं बघा.

आणि भाड्याची पद्धत गेलेली नाही. यूट्यूबवर किंवा प्राइमवर एखादा सिनेमा भाड्यानं घेतला तर सुरू करायला ३० दिवस असतात आणि एकदा सुरू केला की साधारण ४८ तासांत संपवायचा. लायब्ररीपेक्षा एक दिवस जास्तच! मी वर्षभराची वर्गणी एकाच ठिकाणी ठेवतो आणि बाकीचं असं सुटं घेतो. खर्च आटोक्यात राहतो.

शाहुपुरीकर (सातारा)

कृष्णामाई, मेमरी कार्डाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, आणि आता आठवतंय की पोवई नाक्यावरही तशा पाट्या होत्या. धन्यवाद. वाचनालयांबद्दलचं तर फारच महत्त्वाचं.

माझा जीव नाटकांत अडकलाय हे उघड आहे. मी घरातल्या नाटकांच्या सीडींची नावं घेऊन ती सगळी स्ट्रीमिंगवर शोधली. गाजलेली मिळाली, काही यूट्यूबवर कुणी तुकड्यातुकड्यांत चढवलेली मिळाली, आणि काहींचा मागमूस नाही. सिनेमाला पुन्हा गिऱ्हाईक मिळतं, तो कुठूनतरी परत येतो. पण एखाद्या संचानं केलेल्या प्रयोगाचं चित्रण त्या सीडीवर आहे आणि दुसरीकडं नाही, तर ती सीडी गेली की तो प्रयोग गेला. त्यातले कलाकार आता नाहीत. म्हणून गावभाग, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी त्या तीन बादल्या मांडल्या हे फार मोठं काम झालं. वाचलेल्या नाटकांची यादी इथं टाकाल का? माझी मी आज रात्री टाकतो. दोन्ही जुळवून बघू, कुठली कुठंच नाहीत ते.

गावभाग (सांगली)

नक्की. वडिलांना वाचून दाखवलं, ते उद्याच यादी करायला बसतायत. अडचण एकच, आमचा प्लेअर पुरातच गेला आणि नवा साधा व्हीसीडी लावणारा प्लेअर दुकानात मिळेना. कव्हरं गेली असल्यानं काही सीडींवर नक्की काय आहे तेही लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.

विश्रामबाग (सांगली)

प्लेअर कशाला शोधता, यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, तो अजून सहज मिळतो. लॅपटॉपला लावा, सीडी टाकली की 'एमपेगएव्ही' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात डीएटी अशा शेपटाची फाइल असते. ती व्हीएलसी नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, चालते. अडकणारी सीडी असेल तर ती वेगळी ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा तीच चालते. माझ्याकडं दोन ड्राइव्ह आहेत. रविवारी दुपारी मोकळा आहे, वडिलांना चालणार असेल तर घेऊन येतो.